धक्का जातो कुठे? येरवड्याच्या उतारापासून बालेवाडीपर्यंत, बंदुकीच्या दस्त्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जसं बोलले, साधारण तसंच ठेवलंय.

आज सुरुवात मोबाइलपासूनच करूया. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बीजीएमआय खेळलेलं असणार. त्यात एम-४१६ हातात आली की आपण आधी काय शोधतो? टॅक्टिकल स्टॉक. तो लावला की बंदूक कमी उडते, नेम पटकन जागेवर येतो. त्यामुळे आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलंय: चांगला स्टॉक म्हणजे कमी रिकॉइल. जणू स्टॉक हा धक्का गिळणारा स्पंज आहे.

खऱ्या बंदुकीत मात्र असं होत नाही. गोळी आणि दारूचा वायू जितक्या जोराने पुढे जातो, तितकाच जोर बंदुकीला मागे ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम, नववीच्या पुस्तकातला. बंदूक जड केली तर ती मागे येण्याचा वेग कमी होतो, एवढं खरं. पण स्टॉकचा, म्हणजे आपल्या मराठीत दस्त्याचा, नुसता आकार बदलून तो जोर नाहीसा होत नाही. मग दस्ता करतो तरी काय?

आजच्या भागाचं सगळं सार एका वाक्यात सांगते: दस्ता धक्का खात नाही, तो धक्क्याला वाट दाखवतो. आणि ती वाट दरवेळी तीच असली, तरच गोळी दरवेळी तिथेच लागते.

हे कळायला माणसाला दोन-तीनशे वर्षं लागली. त्यातला बराच प्रवास आपल्या पुण्याच्या आसपास दिसतो. चला तर.

येरवड्याचा उतार, नोव्हेंबर १८१७

मी येरवड्यात राहते. येरवडा म्हटलं की बाहेरच्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात, एक तुरुंग आणि दुसरं मनोरुग्णालय. हल्लीच्या मुलांना आयटी कंपन्याही आठवतात. पण या दोन्हींच्या कितीतरी आधी येरवड्याची ओळख होती ती नदीच्या उताराची. उतार म्हणजे जिथून पाण्यात उतरून पायी किंवा घोड्यावरून नदी ओलांडता येते ती जागा.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्यानंतर जनरल स्मिथची फौज येरवड्याच्या बाजूला येऊन थांबली. १६ नोव्हेंबरला इंग्रजांच्या पलटणी इथून नदी ओलांडू लागल्या, पेशव्यांच्या फौजेशी चकमकी झाल्या, आणि त्याच रात्री बाजीरावाने पुणं सोडलं. १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. हे राजकारण आपण शाळेत शिकलोय. आज मला त्या लढाईतल्या बंदुकांबद्दल बोलायचंय.

कंपनीच्या शिपायांकडे होती ती गारेची बंदूक, जिला इंग्रज लाडाने ब्राउन बेस म्हणत. तिचा 'इंडिया पॅटर्न' नावाचा प्रकार, नळी ३९ इंचांची. पेशव्यांच्या बाजूला गारेच्या बंदुका होत्याच, पण अरब शिपायांसारख्यांकडे तोड्याच्या लांब बंदुकाही होत्या. तोडा म्हणजे जळती वात.

या दोन बंदुका शेजारी ठेवून फक्त दस्ते बघा. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीचा दस्ता बहुतेक वेळा सरळसोट आणि अरुंद असतो. नळी लांब आणि जड, दस्त्याला चामड्याच्या किंवा धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली. अशी बंदूक टेकू देऊन चालवणं सोयीचं. काहींना तर पुढे दोन पायांची घोडी जोडलेली असे. ब्राउन बेसचा दस्ता वेगळा. तो नळीच्या रेषेपासून चांगलाच खाली वाकलेला. का? तर शिपाई ताठ उभा राहणार, मान फार न वाकवता नळीवरून बघणार, आणि रांगेतले सगळे एकदम बार काढणार. तिथे एका माणसाचा अचूक नेम हा प्रश्नच नव्हता. समोरही रांगच होती.

पण दस्ता खाली वाकला की काय होतं, ते बघा. धक्का येतो नळीच्या रेषेत, सरळ मागे. खांदा मात्र त्या रेषेच्या खाली आहे. दाराला बिजागरीपासून लांब ढकललं की दार फिरतं ना, तसंच. बंदूक मागे तर येतेच, वर फिरतेसुद्धा. नळीचं तोंड आभाळाकडे आणि दस्त्याची कड गालावर. येरवड्याच्या उताराच्या दोन्ही बाजूंना ज्यांचे खांदे हे सोसत होते, त्यातले बरेचसे आपल्याच मुलखातले होते. मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोकणातले आणि देशावरचे शिपाई भरती होत. बंदूक बनवताना मात्र त्यांच्या अंगाचं माप कुणी घेतलेलं नव्हतं.

जंग्या आणि जेजाला

टेकू देऊन बंदूक मारणं हे काही अमेरिकेतून आलेलं नाही. पुढच्या सुट्टीत किल्ल्यावर गेलात की तटाच्या भिंतीतली तिरकी भोकं नीट बघा. त्यांना जंग्या म्हणतात. शनिवारवाड्याच्या तटातही त्या आहेत. जंगीतून बंदूक रोखली की नळीला दगडाचा आधार मिळतो. हात थरथरला तरी नळी फारशी हलत नाही.

आणि याच तटांवर असायच्या जेजाला. जेजाल म्हणजे बंदूक आणि तोफ यांच्या मधली गोष्ट. इतकी लांब आणि जड, की हातात धरून मारायचा प्रश्नच नाही. ती तटावर टेकवायची किंवा खुंटीवर फिरती बसवायची. उंटावर बसवलेल्या तशाच लहान तोफेला जंबुरा म्हणत. इथे एक साधा हिशोब आहे: धक्का माणसाला झेपत नसेल तर तो दगडाला, लाकडाला किंवा उंटाला द्या. धक्क्याची वाट बदला.

म्हणजे आपल्या पूर्वजांना अर्धं उत्तर माहीत होतं. उरलेलं अर्धं कळायला घड्याळ बारीक व्हावं लागलं.

गोळी अजून नळीतच असते

आता थोडं विज्ञान, पण घाबरू नका, दोनच मिनिटं.

बहुतेकांना वाटतं की आधी गोळी सुटते आणि मग धक्का बसतो. आपल्याला जाणवतं तसंच, कारण खांद्याची बातमी मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो. प्रत्यक्षात गोळी नळीत पुढे सरकायला लागली की त्याच क्षणी बंदूक मागे सरकायला लागते. गोळी नळीत असते साधारण एक ते तीन मिलीसेकंद. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

एवढ्या वेळात बंदूक किती मागे येते? याचं ढोबळ गणित सोपं आहे. गोळीचं वजन गुणिले नळीची लांबी, भागिले बंदुकीचं वजन. दारूचं निम्मं वजन गोळीत मिळवायचं. मी चार बंदुकांचं करून बघितलं. ब्राउन बेस सुमारे ८ मिलिमीटर. इंग्रजांची पुढची प्रसिद्ध मार्टिनी-हेन्री सुमारे ७ मिलिमीटर. थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३, सुमारे २ मिलिमीटर. आणि ऑलिंपिकमध्ये वापरतात ती सहा किलोची .२२ रायफल फक्त ०.३ मिलिमीटर.

तुम्ही म्हणाल, ०.३ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. बरोबर, सरळ मागे आली तर काहीच नाही. पण जरा तिरकी आली तर? साधारण मीटरभर लांबीच्या रायफलीचं तोंड ०.०२ मिलिमीटर वर गेलं, की ५० मीटरवर गोळी १ मिलिमीटर वर लागते. ०.०२ मिलिमीटर म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आणि ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं? १०.४ मिलिमीटर व्यासाचं. करंगळीच्या नखाएवढं.

म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडायच्या आत बंदूक कशी आणि कुठल्या दिशेने हलते, यावर सगळा खेळ. आणि ती दिशा ठरवतो दस्ता: तो कुठे टेकलाय, किती खाली वाकलाय, कोण त्याला किती घट्ट धरतंय.

मार्टिनीची लाथ आणि थ्री-नॉट-थ्रीचं माप

पुन्हा इतिहासाकडे. १८५७ नंतर इंग्रजांनी एक धोरण ठेवलं. हिंदी शिपायांच्या हातात गोऱ्या सैनिकांपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायची. याचा सगळ्यात जळजळीत दाखला म्हणजे अफगाणिस्तानातली मैवंदची लढाई, २७ जुलै १८८०. गोऱ्यांच्या ६६व्या रेजिमेंटकडे मार्टिनी-हेन्री होत्या. त्यांच्याच शेजारी लढणाऱ्या मुंबई सैन्याच्या पलटणींकडे, म्हणजे बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्सकडे, होत्या जुन्या स्नायडर. ती लढाई इंग्रज हरले, आणि या पलटणींची जबर हानी झाली.

मार्टिनी नवी होती, लांबवर मारणारी होती, पण तिचा धक्का बदनाम होता. गोळी ३१ ग्रॅमची, बंदूक चार किलोच्या आतबाहेर. बराच वेळ बार काढले की शिपायांचे खांदे काळेनिळे पडत. दोष सगळा दस्त्याचा नव्हता, दारू आणि गोळीच तशी होती. पण माणूस मार खायच्या भीतीने काय करतो? चाप ओढायच्या आधीच अंग चोरतो. दरवेळी वेगळं चोरतो. मग धक्क्याची वाट दरवेळी बदलते, आणि नेम गेला.

त्यानंतर आली ली-एनफिल्ड, आपली थ्री-नॉट-थ्री. पोलिसांच्या हातात ती अगदी आपल्या काळापर्यंत दिसायची. तिच्या दस्त्यात एक शहाणपणाची गोष्ट होती. दस्ता एकसंध नव्हता, खांद्याला लागणारा बटचा तुकडा वेगळा होता आणि आतून एका लांब बोल्टने आवळलेला असे. त्यामुळे तो बदलता येई. आणि तो वेगवेगळ्या मापांत येत असे: नॉर्मल, अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि पहिल्या महायुद्धात ठेंगण्या सैनिकांसाठी एक इंच आखूड असा 'बँटम'. बटवर त्या त्या मापाचं इंग्रजी अक्षर ठोकलेलं असे.

माझ्या मते दस्त्याच्या इतिहासातलं हे फार मोठं पाऊल आहे. बंदूक एक, पण माणसं वेगवेगळ्या हाडापेराची, हे कारखान्याने स्पष्टपणे मान्य केलं. शर्टाला जसं माप, तसं बंदुकीला.

प्रत्यक्षात कुणाला कुठलं माप मिळायचं, तो भाग वेगळा. कॉलेजात असताना एका शिबिरात जुन्या धाटणीची .२२ रायफल माझ्याही हातात आली होती. बट माझ्या हाताला लांब पडत होती. खांद्यात नीट बसवायची तर मान पुढे ताणावी लागे, आणि मान बरोबर ठेवली तर बट दंडावर घसरे. .२२ ला धक्का नावापुरताच असतो, तरी माझ्या पाच गोळ्या पाच दिशांना होत्या. शेजारच्या उंच मुलीचा गट मुठीएवढा. रायफल तीच, काडतुसंही तीच. फरक होता तो दस्ता कुणाच्या खांद्यात बसत होता, याचा.

टेबल, स्टूल आणि वाळूच्या पिशव्या

आता येऊ बेंचरेस्टकडे. हा खेळ अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर संघटितपणे वाढला. कल्पना साधी आहे. एक भक्कम टेबल, बसायला स्टूल. रायफलीचा पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर टेकवायचा आणि मागची बट दुसऱ्या पिशवीवर. १०० किंवा २०० यार्डांवर पाच गोळ्या मारायच्या. मधोमध लागली का, हे इथे मोजत नाहीत. पाचही गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या, हे मोजतात. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर जितकं कमी, तितका नेमबाज वरचा.

१९७३ मध्ये मॅकमिलन नावाच्या नेमबाजाने १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा गट मारला, ०.००९ इंचांचा. म्हणजे पाव मिलिमीटरहूनही कमी. पाच गोळ्यांनी मिळून जवळजवळ एकच भोक. हा विक्रम पुढे चाळीसएक वर्षं टिकला.

या लोकांनी केलं काय, तर प्रयोगातून माणूस जवळजवळ काढूनच टाकला. काही जण तर 'फ्री रिकॉइल' पद्धतीने मारतात. गाल टेकवायचा नाही, खांदा लावायचा नाही, मूठ आवळायची नाही. फक्त एक बोट चापावर. बार झाला की रायफल पिशव्यांवरून आपली आपण मागे घसरते.

माणूस बाजूला झाल्यावर बंदुकीचं खरं वागणं दिसायला लागलं, आणि सगळा दोष-गुण दस्त्याकडे आला. शिकारीच्या रायफलीचा दस्ता पुढे गोल असतो, हाताच्या तळव्यात बसावा म्हणून. तो पिशवीवर ठेवला तर बारीला डावी-उजवीकडे लोळतो, कारण नळीतल्या पेचांमुळे गोळी गरगरते आणि बंदुकीला उलटा पीळ बसतो. मग बेंचरेस्टवाल्यांनी दस्त्याचा पुढचा भाग खालून सपाट आणि रुंद केला. किती रुंद? अनेक प्रकारांत नियमाने मर्यादा घातली आहे, ३ इंच. मर्यादा घालावी लागली यावरूनच ओळखा किती फायदा होत असेल.

मागच्या बाजूलाही तेच. नेहमीच्या दस्त्याची बट खालून उतरती असते. रायफल मागे सरकली की पिशवीवर बटचा पुढचा, बारीक भाग येतो. बट खाली बसते आणि तोंड वर उचललं जातं. म्हणून बेंचरेस्टच्या दस्त्यात बटची खालची कड नळीला जवळपास समांतर ठेवतात. नळी शक्य तितकी खाली बसवतात, म्हणजे धक्क्याची रेषा आणि वजनाचा मध्य जवळ येतात आणि उलथणं कमी होतं. असा दस्ता रुळावरच्या डब्यासारखा सरळ मागे येतो. ते लोक याला 'ट्रॅकिंग' म्हणतात. पुढे ढकलला की परत त्याच जागी.

यात एक बारकी गोष्ट लक्षात घ्या. यांचं ध्येय धक्का शून्य करणं हे नव्हतंच. एका प्रकारात तर रायफलीच्या वजनालाच मर्यादा आहे, साडेदहा पौंड. धक्का येणारच. तो पहिल्या गोळीला जसा आला तस्साच पाचव्या गोळीला यावा, एवढाच हट्ट.

लाकूड आणि पाऊस

आता एक गोष्ट आपल्या हवामानाची. आमच्याकडे जून महिना लागला की घरातली दारं फुगतात, कपाट उघडेना होतं. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. बंदुकीचा दस्ताही लाकूडच. आत नळी आणि यंत्र ज्या खोबणीत बसतं, तिथे लाकूड कागदाएवढं फुगलं तरी नळीवर एका बाजूने दाब येतो. काल ट्रॅकिंग बरोबर होतं, आज गोळी दुसरीकडे. नेमबाज तोच, दस्ता तोच, फक्त हवा बदलली.

अमेरिकन सैन्याला हे व्हिएतनामच्या जंगलात कळलं. त्यांच्या मरीन स्नायपरांच्या रायफलींचे लाकडी दस्ते तिथल्या ओलाव्याने फुगले, वाकले. त्याच सुमाराला बेंचरेस्टमधली मंडळी फायबरग्लासचे दस्ते बनवायला लागली होती. हलके, पावसाची पर्वा नसलेले. पुढे मरीन कॉर्प्सच्या एम-४०ए१ या रायफलीला मॅकमिलन कंपनीचाच फायबरग्लासचा दस्ता बसला. स्टुलावर बसून भोकांमधलं अंतर मोजणाऱ्या छांदिष्ट लोकांचं काम असं युद्धभूमीवर पोचलं.

आपल्याकडे बेंचरेस्ट हा खेळ म्हणून ऑलिंपिक प्रकारांइतका रुजलेला नाही. पण त्याची युक्ती सगळीकडे वापरतात. काडतुसांच्या कारखान्यात गोळीची परीक्षा माणसाच्या खांद्यावर घेत नाहीत. जाड नळी भक्कम बैठकीत आवळतात आणि मारतात, म्हणजे वाईट गट आला तर दोष काडतुसाचाच. आपल्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, आणि पाषाणच्या एआरडीई या संस्थेत इन्सास रायफलीची रचना झाली. पुण्याला बंदूक नवी नाही. फक्त आपण तिच्याकडे लष्कराच्या कुंपणाबाहेरूनच बघत आलो.

बालेवाडी: माणूस परत आला

ते कुंपण आपल्यासाठी थोडं खुलं झालं ते बालेवाडीत. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तिथे क्रीडासंकुल उभं राहिलं, आणि तिथली शूटिंग रेंज हे महाराष्ट्राच्या नेमबाजीचं एक घर झालं.

ऑलिंपिक नेमबाजी म्हणजे बेंचरेस्टच्या अगदी उलट. टेबल नाही, पिशव्या नाहीत. माणूस परत आला, त्याच्या श्वासासकट आणि छातीतल्या ठोक्यांसकट. मग अचूकता कशी येणार? उत्तर असं: माणसानेच बेंच व्हायचं.

सगळ्यात स्पष्ट दिसतं ते प्रोन प्रकारात, म्हणजे पोटावर झोपून मारताना. डाव्या दंडाला पट्टा, तो हाताला आणि रायफलीला असा आवळलेला की रायफल स्नायूंवर नाही, हाडांवर टेकते. कोपर म्हणजे पुढची पिशवी, खांदा म्हणजे मागची. ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मारले, जागतिक विक्रमाची बरोबरी केली आणि विश्वविजेत्या झाल्या. साठ गोळ्या, आणि फक्त तीन गुण गेले. आता मघाचं ०.०२ मिलिमीटर आठवा. साठ वेळा धक्का त्याच वाटेने गेला असला पाहिजे.

यासाठी दस्त्याचं रूपच बदललं. आजच्या स्पर्धेच्या रायफलीचा अॅल्युमिनियमचा दस्ता बघितलात तर तो दस्ता वाटतच नाही, यंत्राचा सांगाडा वाटतो. गालाची पट्टी वर-खाली होते. बटची प्लेट लांब, आखूड, वर, खाली, तिरकी होते, तिला काखेत अडकणारा आकडा असतो. पुढच्या हाताचा अडसर रुळावर सरकतो. प्रत्येक ठिकाणी आकड्यांच्या खुणा, आणि नेमबाज ते आकडे वहीत लिहून ठेवतात. ली-एनफिल्डच्या चार मापांपासून आपण आलो ते प्रत्येक माणसाच्या स्वतःच्या मापापर्यंत.

याची कसोटी लागते थ्री पोझिशन प्रकारात. गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून. तिन्हीत अंगाचा आकार वेगळा, म्हणजे धक्क्याची वाट वेगळी, म्हणजे ठरलेल्या वेळात दस्ता तीन वेळा नव्याने जुळवायचा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, मध्य रेल्वेत नोकरी करणारा, बालेवाडीत सराव करणारा. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये, शातोरू इथल्या रेंजवर, त्याने याच प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक घेतलं. गुडघ्यावर बसून मारल्यावर तो सहावा होता, झोपून मारल्यावर पाचवा, आणि उभं राहिल्यावर वर चढत तिसरा. उभं राहणं हा सगळ्यात कठीण प्रकार. तिथे पट्ट्याचा आधार नसतो आणि बेंच सर्वांत डगमगतं. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर, म्हणजे तब्बल ७२ वर्षांनी, महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं.

मग मुद्दा काय?

मुद्दा पैशाचाही आहे. परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल लाखांच्या घरात जाते. त्यामुळे नव्याने शिकणारी मुलं क्लबची रायफल वापरतात, एकच रायफल चार जणांत. आधीच्या मुलाच्या मापाला लावलेला दस्ता तसाच उचलून मारायला लागलं, की मुलगी म्हणते, "मला जमत नाही." जमत नाही की बसत नाही? हा प्रश्न आधी विचारायला हवा. रेंजवर जाणार असाल तर माझं एकच सांगणं: पहिल्या दिवशी नेमाबद्दल नंतर विचारा, आधी प्रशिक्षकांना म्हणा, "सर, दस्ता माझ्या मापाला लावून द्या ना." आणि ते आकडे वहीत लिहा. वहीला पैसे पडत नाहीत.

दोनशे वर्षांपूर्वी येरवड्याच्या उतारावर शिपायाला त्याचं माप कुणी विचारलं नव्हतं. मैवंदला तर कुठली बंदूक द्यायची, हेही शिपायाच्या कातडीवरून ठरलं. आज दस्ता माणसाप्रमाणे बदलतो. तो कुणाला मिळतो, ही लढाई मात्र अजून चालू आहे.

आपल्याकडे म्हण आहे, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून मारणे. बोलायला ठीक आहे. पण अचूक मारायचं असेल तर बंदूक स्वतःच्या खांद्यात बसावी लागते, आणि नीट बसावी लागते.

पुढच्या वेळी टीव्हीवर रायफलची फायनल लागली की एक करा. लक्ष्याकडे बघू नका, स्कोअर आपोआप कळतोच. नळीच्या तोंडाकडे बघा. बार झाला की ते किंचित हलतं आणि परत जागेवर येतं. चांगल्या नेमबाजाचं दरवेळी तसंच हलतं आणि तिथेच परत येतं. ते एकदा दिसायला लागलं की हा खेळ बघायची मजाच बदलते.

भाग आवडला असेल तर एखाद्या गेम खेळणाऱ्या मित्राला नक्की पाठवा. टॅक्टिकल स्टॉक उचलताना त्याला आपली आठवण येऊ दे.